लोखंड आकाशातून उतरलं, हे कुरआनात आधीच लिहिलंय? असा दावा तपासायचा कसा

रिसोडहून सरळ पश्चिमेला गेलं की साधारण ३० किलोमीटरवर लोणारचं सरोवर लागतं. आकाशातून काहीतरी मोठं येऊन जमिनीवर आदळलं आणि एवढा खड्डा पडला, हे या भागात पुस्तकातून शिकावं लागत नाही. काठावर उभं राहिलं की दिसतं. त्यामुळे मोबाइलवर फिरणारा एक मेसेज इथं इतर ठिकाणांपेक्षा लवकर पटतो. मेसेजचा मजकूर थोड्याफार फरकाने असा असतो: लोखंड पृथ्वीवर तयार होऊच शकत नाही, ते अंतराळातून आलं, शास्त्रज्ञांना हे विसाव्या शतकात कळलं, कुरआनात मात्र १४०० वर्षांपूर्वीच लिहिलेलं आहे.

असा मेसेज आला की दोन प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. काहीजण ‘सुभानअल्लाह’ लिहून पुढे पाठवतात. काहीजण टिंगल करतात, आणि त्या टिंगलीत विज्ञानाच्या प्रेमापेक्षा दुसराच राग जास्त असतो. मधल्या मध्ये अडकतो तो बारावी सायन्सचा मुलगा किंवा मुलगी. घरी चाचांनी तोच मेसेज पाठवलेला असतो आणि कॉलेजात रसायनशास्त्राचं पुस्तक समोर असतं. त्या मुलासाठी दावा खरंच तपासून बघू. तपासणं म्हणजे अपमान करणं नव्हे.

आधी आयत काय आहे ते पाहू

मेसेजमध्ये ज्या आयतीचा उल्लेख असतो ती सूरा ५७ मधली, २५ वी. सूरेचं नावच ‘अल-हदीद’, म्हणजे लोखंड. आयतीचा आशय असा की ईश्वराने प्रेषितांना स्पष्ट खुणा देऊन पाठवलं, त्यांच्यासोबत ग्रंथ आणि तराजू दिला, म्हणजे लोक न्यायाने वागतील. आणि लोखंड उतरवलं, ज्यात मोठी ताकद आहे आणि माणसांसाठी फायदेही आहेत. सगळा दावा ‘उतरवलं’ या एका क्रियापदावर उभा आहे. अरबीत ते ‘अन्झलना’ असं येतं.

आता साधा प्रश्न. हे क्रियापद कुरआनात आणखी कुठं, कशासाठी वापरलंय? सूरा ३९ च्या सहाव्या आयतीत पाळीव जनावरांच्या आठ नर-माद्या ‘उतरवल्या’ असं म्हटलंय. सूरा ७ च्या २६ व्या आयतीत माणसाला अंग झाकण्यासाठी वस्त्रं ‘उतरवली’. गाई-बकऱ्या उल्कांसोबत आल्या किंवा कपडे अंतराळातून पडले, असं कुणीच म्हणत नाही. तिथं बरेच भाष्यकार ‘दिलं, कृपा म्हणून बहाल केलं’ असा अर्थ घेतात. मग एकाच शब्दाचा एका ठिकाणी ‘बहाल केलं’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘अंतराळातून खाली आणलं’ असा अर्थ घ्यायचा, तर त्याला आयतीतलं काहीतरी कारण हवं. ते कारण आयतीत मिळत नाही. ते विसाव्या शतकातल्या खगोलशास्त्रातून येतं.

जुन्या भाष्यकारांपैकी काहींनी मात्र ‘खाली आणलं’ असाही अर्थ घेतला आहे. आदम स्वर्गातून उतरला तेव्हा त्याच्यासोबत लोहाराची ऐरण, सांडशी आणि हातोडा आला, अशी परंपरा ते सांगतात. त्यामुळे अक्षरशः अर्थ घेणं अगदीच नवं नाही. पण त्या भाष्यकारांपैकी कुणाच्याही डोक्यात तारे फुटून लोखंड बनतं हा विचार आला नाही. ही आयत जवळजवळ तेराशे वर्षं जगातल्या उत्तम अरबी जाणकारांच्या हातात होती, आणि ती वाचून कुणीही आकाशाकडे लोखंड शोधायला गेलं नाही.

विज्ञान नेमकं काय म्हणतं?

मेसेजमधलं विज्ञान अर्धं खरं आहे. लोखंडाचं अणुकेंद्र पृथ्वीवर तयार होत नाही. ते मोठ्या ताऱ्यांच्या पोटात आणि ताऱ्यांच्या स्फोटांत तयार होतं. पण कार्बनही ताऱ्यांतच तयार होतो. श्वासातला ऑक्सिजन, हाडांतलं कॅल्शियम, वाळूतलं सिलिकॉन हे सगळं तिथलंच. हायड्रोजन, हेलियम आणि एखाद-दोन हलकी मूलद्रव्यं सोडली, तर आपल्या आजूबाजूचं जवळपास सगळं ताऱ्यांत शिजलेलं आहे. त्यात लोखंड वेगळं काढून दाखवण्यासारखं नाही.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. लोखंड पृथ्वीवर ‘आलं’, असं म्हटलं की आधी पृथ्वी होती आणि मग तिच्यावर लोखंड पडलं, असं चित्र उभं राहतं. प्रत्यक्षात साडेचारशे कोटी वर्षांपूर्वी ज्या धुळीतून आणि दगडांतून पृथ्वी गोळा झाली, त्यातच लोखंड होतं. पृथ्वीच्या वजनाचा जवळजवळ तिसरा हिस्सा लोखंड आहे, आणि त्यातलं बहुतेक तिच्या गाभ्यात आहे. लोखंड पृथ्वीवर उतरलं नाही. लोखंडासकट पृथ्वी बनली.

रिसोडच्या शेतातलंच उदाहरण घ्या. इथली काळी माती ज्या बेसॉल्ट खडकातून झाली, त्या काळ्या दगडात लोखंडाचं प्रमाण चांगलं असतं. हा खडक साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या पोटातून लाव्हा होऊन वर आला. म्हणजे आपल्या पायाखालचं लोखंड वरून पडलेलं नाही, खालून आलेलं आहे. आणि लोणारला आदळलेली वस्तूही लोखंडी नव्हे, तर दगडी प्रकारची असावी, असं अलीकडच्या रासायनिक अभ्यासांचं म्हणणं आहे.

तरी उल्कांमधून लोखंड पडतं हे खरंच आहे. मग ते सातव्या शतकात कुणालाच माहीत नव्हतं का? इजिप्तचा राजा तुतनखामुन इसवीसनापूर्वी चौदाव्या शतकातला. त्याच्या ममीसोबत सापडलेल्या खंजिराचं पातं उल्केतल्या लोखंडाचं आहे, हे २०१६ मध्ये क्ष-किरणांनी तपासून सांगितलं गेलं. प्राचीन इजिप्शियन भाषेत लोखंडासाठी ‘आकाशातला धातू’ अशा अर्थाचा शब्दच होता. खाणीतून लोखंड काढायची विद्या येण्याआधी माणसाला मिळणारं लोखंड हे असंच पडलेलं असायचं. आपल्याकडे १६२१ मध्ये जालंदरजवळ उल्का पडली, तेव्हा जहांगीर बादशहाने तिच्यातून तलवारी आणि सुरे घडवून घेतले आणि ते आत्मचरित्रात नोंदवून ठेवलं. आकाशातून लोखंड पडतं, हे जुन्या जगाला ठाऊक होतं.

म्हणजे सगळ्यात अनुकूल अर्थ घेतला, तरी दावा ‘माणसाला कळणं अशक्य होतं’ इथपर्यंत पोहोचत नाही.

२६ आणि ५७ चा खेळ

या मेसेजची एक पुढची आवृत्ती आहे आणि ती अधिक चलाख आहे. अरबी अक्षरांना अंक देण्याची ‘अब्जद’ नावाची जुनी पद्धत आहे. ७८६ हा आकडा तुम्ही रिक्षावर, दुकानाच्या पाटीवर पाहिला असेल. बिस्मिल्लाहच्या अक्षरांची अब्जद बेरीज म्हणजे तो आकडा. त्याच पद्धतीने ‘हदीद’ मोजा: ८, ४, १०, ४. बेरीज २६. लोखंडाचा अणुक्रमांक २६! आता मागे ‘अल’ जोडा, म्हणजे आणखी १ आणि ३०. बेरीज ५७. सूरेचा क्रमांक ५७, आणि लोखंडाचं एक स्थिर समस्थानिकही ५७ वजनाचं!

बेरजा बरोबर आहेत. मीही कागदावर करून पाहिल्या आणि क्षणभर थबकलो. पण मग पुढची पायरी केली, जी मेसेज पाठवणारे करत नाहीत. कुरआनात इतरही धातू आहेत. सोन्यासाठी ‘झहब’ येतो. त्याची बेरीज ७०७, सोन्याचा अणुक्रमांक ७९. चांदीसाठी ‘फिद्दा’, बेरीज ८८५, अणुक्रमांक ४७. तांब्यासाठी ‘नुहास’, बेरीज ११९, अणुक्रमांक २९. एकही जुळत नाही. नेम लागलेला एक बाण दाखवायचा आणि चुकलेले तीन भात्यात लपवायचे, याला पुरावा म्हणत नाहीत.

लोखंडाच्या बाबतीतही जुळणी वाटते तेवढी सरळ नाही. २६ हवे होते तेव्हा ‘अल’ काढला, ५७ हवे होते तेव्हा लावला. लोखंडाची चार स्थिर समस्थानिकं आहेत: ५४, ५६, ५७ आणि ५८. निसर्गातलं जवळजवळ ९२ टक्के लोखंड ५६ वजनाचं आहे. ५७ वजनाचं जेमतेम २ टक्के. चारातलं एक निवडायची मुभा असेल, तर काहीतरी जुळणारच. शिवाय सूरा ज्या क्रमाने अवतरल्या असं मुस्लिम परंपरा मानते, तो क्रम आणि पुस्तकातला क्रम एक नाही.

गंमत म्हणून मी आपल्याकडच्या कटपयादी पद्धतीने ‘लोह’ शब्द मोजला. ल म्हणजे ३, ह म्हणजे ८. त्या पद्धतीत अंक उलटे वाचतात, म्हणून ८३. अणुक्रमांक ८३ म्हणजे बिस्मथ. संस्कृत पंडितांना बिस्मथ माहीत होतं असं लिहायला आता कुणीतरी मोकळं आहे.

हे सगळं आलं कुठून?

कुरआनाची विज्ञानाशी सांगड घालायचा प्रयत्न एकोणिसाव्या शतकापासून होतोय, पण आजच्या मेसेजची मुळं १९७० च्या दशकात आहेत. फ्रेंच डॉक्टर मॉरिस बुकाय यांचं बायबल, कुरआन आणि विज्ञान यांच्यावरचं पुस्तक १९७६ मध्ये आलं आणि अनेक भाषांत गेलं. १९८० च्या दशकात सौदी अरेबियात कुरआनातल्या वैज्ञानिक खुणा शोधणारी संस्थाच उभी राहिली. तिच्या परिषदांना पाश्चात्त्य शास्त्रज्ञ बोलावले जात. टोरोंटोचे शरीररचनातज्ज्ञ कीथ मूर यांनी कुरआनातल्या गर्भाच्या वर्णनाची स्तुती केली, ती आजही सगळीकडे फिरते. २००२ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने या परिषदांवर मोठी बातमी केली. आपली वाक्यं संदर्भ तोडून वापरली गेली, अशी तक्रार काही शास्त्रज्ञांनी त्यात केली होती.

महाराष्ट्रात हा विचार घराघरांत नेला तो मुंबईच्या झाकीर नाईक यांनी. शिक्षणाने डॉक्टर, १९९१ मध्ये इस्लामिक रिसर्च फाउंडेशन, २००६ पासून पीस टीव्ही. २०१६ मध्ये केंद्र सरकारने त्यांच्या संस्थेवर बंदी घातली. तो कायद्याचा विषय आहे आणि या लेखाचा नाही. इथं त्यांचा युक्तिवाद महत्त्वाचा. नाईक म्हणतात की कुरआन विज्ञानाचं पुस्तक नाही, खुणांचं पुस्तक आहे. आणि आपण फक्त सिद्ध झालेली तथ्यंच विचारात घेतो, नुसती गृहीतकं नाही. ऐकायला हे काळजीपूर्वक वाटतं. अडचण अशी की विज्ञानात ‘सिद्ध’ चा शिक्का कायमचा नसतो.

लोणारचंच बघा. हा खड्डा ज्वालामुखीचा आहे, असं बराच काळ मानलं जाई. १९७३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकातल्या शोधनिबंधात आघाताने काचेसारख्या झालेल्या खनिजाचा पुरावा आला आणि उल्केची बाजू पक्की झाली. मग वय किती? बरीच वर्षं सुमारे ५२ हजार वर्षं हा आकडा चालला. २०१० च्या सुमारास वेगळ्या पद्धतीने मोजल्यावर तो सुमारे ५ लाख ७० हजार निघाला. दहापटींहून जास्त फरक! संशोधकांना यात लाज वाटण्यासारखं काही नव्हतं, मोजमाप सुधारलं इतकंच. पण कुणी मधल्या काळात एखाद्या आयतीतून किंवा श्लोकातून ५२ हजार हा आकडा काढून दाखवला असता, तर आज त्याने काय केलं असतं?

गर्भ, जळू आणि गर्भोपनिषद

सगळ्यात गाजलेला दावा गर्भाचा आहे. सूरा २३ मध्ये, १२ ते १४ या आयतींत माणसाच्या घडणीचे टप्पे आहेत: थेंब, मग ‘अलका’, मग चावलेल्या मांसासारखा गोळा, मग हाडं, मग हाडांवर मांस. ‘अलका’ चे अर्थ अनेक: रक्ताची गुठळी, चिकटून राहणारी वस्तू, जळू. जुन्या भाषांतरांत गुठळी आहे. गर्भाची अशी गुठळीची अवस्था नसते हे स्पष्ट झाल्यावर जळू पुढे आली, कारण साडेतीन आठवड्यांचा गर्भ बाजूने पाहिला तर जळूसारखा दिसतो. दिसतो खरा. पण तीन अर्थांतला कुठला घ्यायचा हे सूक्ष्मदर्शकाने ठरवलं, आयतीने नाही. आणि आधी हाडं, मग मांस हा क्रम आजच्या गर्भशास्त्राशी नीट जुळत नाही. कूर्चेचे साचे आणि स्नायू साधारण बरोबरीने घडतात, खरं हाड नंतर होतं.

गर्भाचे टप्पे सांगणारं लेखन त्याआधीही होतं. ग्रीक वैद्य गेलेनने दुसऱ्या शतकात चार टप्पे लिहिले. आपल्याकडे सुश्रुत आणि चरक महिन्यामहिन्याची वाढ सांगतात. गर्भोपनिषदात पहिल्या रात्रीच्या ‘कलल’ पासून सुरुवात आहे. समर्थांच्या दासबोधात तिसऱ्या दशकाचा पहिला समास गर्भवासाबद्दलच आहे, आणि तो वाचून कुणी प्रसूतिशास्त्र शिकायला जात नाही. तो जन्माचं दुःख सांगण्यासाठी आहे हे वाचकाला कळतं. सुईणींनी अपुऱ्या दिवसांचे गर्भ पाहिले होते, खाटकांनी गाभण बकऱ्या कापल्या होत्या. ढोबळ टप्पे माहीत असायला एवढं पुरेसं होतं.

आपल्या अंगणातही तेच

हा लेख फक्त एका धर्मावर बोट ठेवतोय असं वाटत असेल, तर गिरगाव चौपाटी आठवा. १८९५ मध्ये शिवकर बापूजी तळपदे यांनी तिथं वैदिक ज्ञानावर विमान उडवलं, ही गोष्ट मराठी घरांत अभिमानाने सांगितली जाते. १९७४ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी ‘वैमानिक शास्त्र’ हा ग्रंथ तपासला. तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा निघाला, आणि त्यातली विमानं उडणं शक्य नाही, असं त्यांनी दाखवलं. तरी जानेवारी २०१५ मध्ये मुंबईत भरलेल्या इंडियन सायन्स काँग्रेसमध्ये प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेलाच. सूरा ५७ ला लावलेल्या कसोट्या इथंही जशाच्या तशा लागतात: शब्द इतरत्र कसा येतो, ते ज्ञान तेव्हा इतरांकडे होतं का, न जुळणारी उदाहरणं किती, आणि शोध लागण्याआधी कुणी तो ग्रंथातून काढला होता का.

शेवटची कसोटी सगळ्यात कडक. ग्रंथ जे सांगतो ते लिहिणाऱ्याच्या काळातलं असतं, आणि त्यात कमीपणा नाही. अबुल फझलच्या ‘आइन-ए-अकबरी’ त वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात लोणार येतं. काच आणि साबण बनवायला लागणारं साहित्य तिथं मिळतं, असं तो नोंदवतो. उल्केबद्दल अक्षर नाही, कारण त्याला ते माहीत असायचं कारण नव्हतं.

मुस्लिम विद्वान काय म्हणतात?

इथं मेसेज पाठवणारे आणि टिंगल करणारे, दोघांनाही आश्चर्य वाटेल. या पद्धतीला सर्वांत जुना विरोध मुस्लिम विद्वानांचाच आहे. चौदाव्या शतकात ग्रॅनाडाचे शातिबी यांनी कुरआनातून सगळी शास्त्रं काढणाऱ्यांवर टीका केली. पहिल्या श्रोत्यांना जे कळलं असतं त्यापलीकडचं त्यात कोंबू नका, असा त्यांचा रोख होता. देवबंदी परंपरेतले मोठे नाव असलेले अशरफ अली थानवी यांनीही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इशारा दिला की आज विज्ञानाच्या सिद्धांताला आयत जोडाल, उद्या सिद्धांत बदलला की लोक आयतच खोटी ठरवतील. त्यांची पुस्तकं विदर्भातल्या अनेक मुस्लिम घरांत असतात. आजच्या काळात शारजाच्या विद्यापीठातले खगोलशास्त्रज्ञ निधाल गेसूम हे श्रद्धावान मुस्लिम आहेत आणि याच दाव्यांचे कठोर टीकाकारही.

मुस्लिम जगातल्या विज्ञानाचा खरा इतिहासही वेगळंच सांगतो. इब्न अल-हैथमने प्रकाशाचा अभ्यास अंधाऱ्या खोलीत प्रयोग करून केला. अल-बिरूनीने डोंगरावर चढून क्षितिजाचा कोन मोजला आणि पृथ्वीची त्रिज्या काढली. तेराव्या शतकात कैरोच्या इब्न अल-नफीसने फुप्फुसांतून होणारं रक्ताभिसरण सांगितलं. तो धर्मशास्त्राचाही पंडित होता, पण हृदयाच्या पडद्याला भोकं नाहीत हा त्याचा मुद्दा शरीररचनेचा होता. अब्दुस सलाम आणि स्टीव्हन वाइनबर्ग यांना १९७९ मध्ये एकाच सिद्धांतासाठी नोबेल मिळालं. एक श्रद्धावान, दुसरा नास्तिक. आपल्या श्रद्धेमुळे किंवा त्यांच्या नास्तिकतेमुळे संशोधनात काही फरक पडला नाही, असं सलाम यांनी स्वतः लिहून ठेवलंय.

मग चाचांच्या मेसेजला उत्तर काय द्यायचं? ग्रुपवर वाद घालू नका. तिथं कुणी मत बदलत नाही, फक्त नाती बिघडतात. भेटाल तेव्हा सूरा ५७ ची २५ वी आयत सोबत बसून पूर्ण वाचा, उर्दूत किंवा मराठी भाषांतरात. मग ३९ ची सहावी वाचा आणि विचारा, ‘चाचा, इथं जनावरं उतरवली म्हणजे काय?’ त्यांना उत्तर येत असेल, कारण हे ते लहानपणापासून शिकलेले असतात. तेच उत्तर ५७ व्या सूरेला लावून पाहायला सांगा. आणि पूर्ण वाचताना मेसेजमधून गळलेलं वाक्यही समोर येईल: लोखंडाच्या आधी तिथं तराजू आहे, आणि तो लोकांनी न्यायाने वागावं म्हणून दिलेला आहे.